दिव्याच्या मते चक्की बंद होती

“वीज म्हंजे काय? वीज म्हंजे मन्ही चाकर!” धानोऱ्याच्या नवलसिंगनं आपल्या पिठाच्या चक्कीत उभं राहून जाहीर केलं. “हिरवं बटण दाबं का उठनी, लाल बटण दाबं का बठनी. हुकूम म्हंजे हुकूम!”

या घोषणेला श्रोते दोन होते. एक गव्हाचं दळण घेऊन आलेली जमनाबाई, आणि दुसरा, दाराशी सांडलेले दाणे टिपायला थांबलेला कुणाचा तरी बोकड. नवलसिंगनं दोघांकडे बघितलं, बोट उंचावलं आणि लाल बटण दाबलं. फळीवरचा हिरवा दिवा विझला. लाल दिवा लागला. चक्की चालूच राहिली.

“बठनी का?” जमनाबाईनं चक्कीच्या घरघरीवर आवाज चढवून विचारलं.

“बठी ऱ्हायनी,” नवलसिंग म्हणाला, आणि त्यानं पुन्हा बटण दाबलं. मग अंगठ्यानं दाबलं. मग तळहातानं. मग चक्कीची माफी मागितल्यासारखं अगदी हळुवार दाबलं. दर खेपेला लाल दिवा आपल्या मतावर ठाम होता की चक्की बंद आहे. आणि दर खेपेला चक्कीचं मत वेगळं होतं.

आपल्याकडे पुष्कळ गोष्टी अशाच बंद असतात. हुकूम निघालेला असतो, दिवाही लागलेला असतो, फक्त गोष्ट तेवढी चालू असते. पण नवलसिंगला असा विचार सुचण्याची ती वेळ नव्हती. कारण वरच्या पत्र्याच्या नरसाळ्यातले जमनाबाईचे गहू झपाट्यानं खाली चालले होते.

चक्कीचं एक असतं. दाणा आहे तोवर दगड दाण्याला दळतो. दाणा संपला की दगड दगडाला खातो. आणि हे दगड साधे नव्हते. कोरे होते, नुकतीच टाकी लावून गुजरातेतून आणलेले होते, आणि त्यांच्यासाठी नवलसिंगनं म्हैस विकली होती. म्हैस गायत्रीची होती. गायत्री म्हणजे नवलसिंगची बायको. म्हैस विकल्याबद्दल ती एक शब्द बोलली नव्हती, फक्त तेव्हापासून चहा कोरा देत होती. दगड गेले म्हणजे तीच म्हैस दुसऱ्यांदा गेली. मग चहासुद्धा मिळाला नसता.

दगड सैल करायला एक चाक असतं. ते होतंही. पण त्याचा आटा झिजल्यापासून नवलसिंगनं तिथं बाभळीची पाचर ठोकली होती, आणि आता ती पाचर चक्कीचा अवयवच होऊन बसली होती. पट्टा उतरवावा, तर त्यावर जाळी होती, जाळीला बोल्ट होते, आणि चालत्या पट्ट्यापाशी पाना घेऊन जायला जो हात लागतो, तो नंतर आपल्याकडे राहत नाही.

“मंग मेन पाड ना, भाऊ,” जमनाबाई म्हणाली. “इतला काय नाचस?”

नवलसिंगनं भिंतीकडे बघितलं. मेन स्विच भिंतीवर होता. पण तो लोखंडी पेटीत होता, आणि पेटीला कुलूप होतं. ही पेटी नवलसिंगनं स्वतः सांगून करून घेतली होती, आणि ती गायत्रीमुळे करावी लागली होती. चक्कीच्या मागेच घर. जेवण तयार झालं की गायत्री दोन हाका मारायची. नवलसिंग “उनू, उनू” म्हणायचा आणि यायचा नाही. मग गायत्री मागच्या दारानं यायची, मेनचा दांडा खाली ओढायची आणि एक शब्द न बोलता परत जायची. चक्की बसायची, गिऱ्हाइकं हसायची, नवलसिंग जेवायला जायचा. चारचौघांत असं व्हायला लागल्यावर त्यानं जाड पत्र्याची पेटी केली, तिला भक्कम कुलूप घातलं, आणि किल्ली गायत्रीपासून लपवली. आधी देवाच्या तसबिरीमागे. मग बंद पडलेल्या रेडिओत. मग एका अशा जागी, की ती कुणालाच सापडू नये. ती जागा खरोखरच उत्तम होती. आता ती नवलसिंगलाही आठवत नव्हती.

“वहिनीले इचार ना, किल्ली कोठे शे ते.”

“तिले कशी इचारू? तिनापासूनच तं दपाडेल शे!”

 जमनाबाईनं आपल्या गव्हाचं पीठ डब्यात भरून घेतलं, झाकण लावलं आणि पुढे काय होतं ते बघायला बाकावर ठाण मांडलं.

नवलसिंग रस्त्यावर आला आणि ओरडला, “दळन आना रे! फुकट दळी देस! आज फुकट!”

गल्लीत दारं उघडली, पण दळण आलं नाही. फुकट म्हटल्यावर धानोऱ्याचा माणूस आधी विचार करतो.

“इलेक्शन लागनं का?” एकानं विचारलं.

“नवलसिंगना घर कोनी गयं का काय? दानधर्म करी ऱ्हायना वाटस,” दुसरा हळहळला.

“अरे आना लवकर! इचार मागून करा!”

शेवटी शेजारून अर्धी पायली दादर ज्वारी आली, तिच्यामागे मका आला, मक्यामागे बाजरी आली, आणि मग मात्र लोंढाच लागला. दोन दळणांच्या मध्ये थांबायला चक्कीला सवड नव्हती, त्यामुळे ज्वारीचं शेपूट मक्यात गेलं आणि मक्याचं बाजरीत. जमनाबाईनं बाकावरूनच न्यायनिवाडा हाती घेतला. “तुन्हं पिवळं उनं ना? मंग ते तुन्हंच शे, ली जा. काय भेसळ भेसळ लावेल शे? पोटमा जाईसन एकच व्हस.”

तेवढ्यात नवलसिंगनं वायरमन ईश्वरला फोन लावला.

“ईश्वरभाऊ, लाईट घालव.”



“कोन बोली ऱ्हायनं?”

“नवलसिंग. चक्कीवाला.”

“कोनता नवलसिंग? मागला महिनामा लाईट गई म्हनीसन मन्हा नावनी बोंब मारनारा?”

“तोच. आते घालव, भाऊ. तुन्हा पाय पडस.”

“तू हाई रेकॉर्ड करी ऱ्हायना ना?” ईश्वरचा आवाज एकदम सरकारी झाला. “मी लाईट घालवसू, आन् उद्या तू सायबले आयकाडशी. माले समजस सम्दं. आज धानोरानी लाईट जावाव नही. मी सोता खांबाखाले बठेल शे. देखस कशी जास ते!”

आणि त्यानं फोन ठेवला. रोज जेवणाच्या घासागणिक जाणारी लाईट त्या दिवशी पतिव्रतेसारखी घर धरून बसली होती.

आता एकच आशा उरली, इद्रिस. जळलेल्या मोटारींत नवी तार भरून देणारा इद्रिस गल्लीच्या टोकाला राहायचा. हा लाल-हिरव्या बटणांचा नवा स्टार्टर त्यानंच बसवला होता, आणि बसवताना म्हणाला होता, “भाई, तुन्हा नातू वापरी हाऊ!” नवलसिंगला अजून मुलगाच नव्हता, पण तेव्हा ते दोघांनाही महत्त्वाचं वाटलं नव्हतं.

इद्रिस आला तो होल्डरला दोन वायरी लावलेला बल्ब गळ्यात जानव्यासारखा अडकवून. त्यानं गर्दीला मागे सारलं. लाल बटण दाबलं. पेचकसाचं टोक स्टार्टरच्या डबीवर टेकवलं, लाकडी मूठ कानाला लावली, डोळे मिटले, आणि पुन्हा बटण दाबलं.

“काय म्हनस?” नवलसिंगनं विचारलं.

“काहीच नही म्हनत. तीच तं बिमारी शे. सोडताना ‘खट्’ म्हनाले पाहिजे. म्हनत नही.”

मग त्यानं बल्बच्या वायरी बेतानं आतल्या एका जागी टेकवल्या. बल्ब लागला नाही. “हाई देख. बटणनं काम बराबर शे. कॉइल सुटी गई. हुकूम पोचना.” मग वायरी मोटारीकडे जाणाऱ्या बाजूला टेकवल्या. बल्ब लख्ख लागला. “आन् हाई देख! हुकूम तं पोची गया, पन आतला पॉइंट सोडतच नहीत. चिटकी गयात. वितळीसन एक व्हई गयात, भाई. लगीन लागनं त्यासनं.”

“मंग सोडाव ना!”

“चालू लाईनमा हात घालू? मन्हं बी लगीन व्हयेल शे.”

तरी गिऱ्हाइकांच्या आग्रहाखातर त्यानं पेचकसाच्या मुठीनं डबीवर दोन ठोके दिले. डबीचा एक टवका उडाला. लाल दिवा लुकलुकला आणि पुन्हा ठामपणे लागला. चक्की चालू.

“पन चिटकनात काबर?” जमनाबाईनं बाकावरून विचारलं.

“मोटार उठताना मोठा घास लेस. ठिनगी पडस. दिवसमा एक-दोन येळा उठाडी तं काही व्हत नही.” इद्रिस नवलसिंगकडे वळला. “तू कितला येळा दाबस?”

नवलसिंग नरसाळ्यात बघू लागला. पण गर्दीला तोंड फुटलं.

“माले दाखाडं ना त्यानी. उठनी, बठनी, उठनी, बठनी.”

“माले बी. मी तं लग्नपत्रिका देवाले येल व्हतू.”

“मन्हा जवाईले तं दोनदा दाखाडं. तो कटाळीसन भायेर जाई बठना.”

इद्रिसनं कपाळावर हात मारला. “चक्की शे का लहान पोरगं? उठ बस, उठ बस!”

नवलसिंगनं विषय बदलला. तो म्हणाला, मी जरा घरात बघून येतो. मागच्या दारानं तो चोरपावलांनी आत शिरला. ओसरीवर गायत्री दादर पाखडत बसली होती. तिला काही कळलेलं नव्हतं, आणि कळणार तरी कसं? चक्कीचा आवाज घरात रोजच असायचा. तो चालू असला म्हणजे सगळं ठीक आहे, अशीच त्या घराची समजूत होती.

“आयकतस का?” सूप न थांबवता ती म्हणाली. “सकायपासून सांगी ऱ्हायनू, घरमा चिमूटभर पीठ नही शे. हाई दोन पायली दळी द्या पहिले.”

“लावस, लावस. गिऱ्हाईक शेतस.” नवलसिंगनं फडताळ चाचपलं, कोनाडा चाचपला, रेडिओ हलवून बघितला.

“काय धुंडी ऱ्हायनात?”

“काही नही. आसंच.”

गायत्रीनं सूप झटकलं, तशी तिच्या कमरेच्या किल्ल्यांचा जुडगा छुमकन वाजला. नवलसिंगनं रिकाम्या हातानं परत वाट धरली.

चक्कीत आता वेगळीच पंचाईत उभी होती. गावाचं दळण संपत आलं होतं. ज्यांचं दळून झालं ते “आते काय दाना परत उगाडू का?” म्हणून विचारत होते. एकीनं कुळीथ आणले, एकीनं गुरांची भरड आणली, आणि एकानं घरात शोधून शोधून सत्यनारायणाचे उरलेले तांदूळ आणले. नरसाळ्याचा तळ दिसायला लागला. नवलसिंगच्या डोळ्यांपुढे म्हैस उभी राहिली. ती त्याच्याकडे बघत होती.

“मन्हाजोडे शे एक पोतं,” मागून आवाज आला. वाहरू. डोंगराकडच्या गावचा, बसची वाट बघत थांबला होता. “पन मिरची शे.”

चक्कीत एकदम शांतता पसरली, म्हणजे चक्की सोडून बाकी सगळ्यांत. नंदुरबारच्या पट्ट्यात मिरचीला कुणी कमी लेखत नाही. इथं ती वाळवायला पथाऱ्या पडतात तेव्हा रस्ताच लाल होतो. पण तिचा मान वेगळा, तिला कुटायचा डंकाही वेगळा. पिठाच्या चक्कीत मिरची म्हणजे देवघरात चप्पल. नवलसिंगनं तर भिंतीवर रंगानं लिहून ठेवलं होतं, ‘येथे मिरची दळून मिळणार नाही. आग्रह करू नये.’

“आते मीच आग्रह करी ऱ्हायनू,” नवलसिंग खोल आवाजात म्हणाला. “टाक.”

“देख हा,” वाहरू म्हणाला. “डंकावाला म्हनत व्हता, इतली तिखी मिरची औंदा कोठेच नही.”

“टाक म्हनस ना!”

वाहरूनं पोतं उपडं केलं.

पुढचं वर्णन सविस्तर करता येणार नाही, कारण पुढचं कुणाला नीट दिसलं नाही. पहिली शिंक बोकडाची होती. दुसरी इद्रिसची. मग कोण कुणाचं हे कळेनासं झालं. न्यायदान करत बसलेल्या जमनाबाईनं डबा उचलला आणि ती पदरात तोंड घालून बाहेर धावली. लाल धुराचा एक लोळ पुढच्या दारानं रस्त्यावर गेला आणि दुसरा मागच्या दारानं घरात शिरला.

चक्कीच्या आवाजानं जे गायत्रीला कळलं नव्हतं, ते मिरचीच्या ठसक्यानं कळलं. ती नाकाला पदर लावून मागच्या दारात उभी राहिली.

“आयकतस का? पीठनी चक्कीमा मिरची? डोकं ठिकानवर शे ना?”

“चक्की बंद व्हत नही!” नवलसिंग शिंकांच्या मधोमध ओरडला.

“मंग मेन पाडा.”

“पेटीले कुलूप शे!”

“मंग कुलूप उघडा.”

“किल्ली नही शे ना!”

“हाई काय,” गायत्रीनं कमरेचा जुडगा काढला, त्यातली एक किल्ली निवडली, कुलूप उघडलं, पेटीचं दार उघडलं आणि मेनचा दांडा खाली ओढला. नेहमीसारखाच. एक शब्द न बोलता.

चक्की हळूहळू मंदावली, कण्हली आणि बसली. इतकी शांतता झाली की रस्त्यावरच्या बोकडाची शिंक आतपर्यंत आली.

“तुले कोठे सापडनी?” नवलसिंगच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्यातलं मिरचीचं किती, हे सांगणं कठीण.

“दादरनी कोठीमा. त्या कोठीमा मन्हाबिगर हात कोन घालस? माले वाटनं, तुम्हले लाज वाटनी आन् मन्हासाठेच ठेई दिनी.”

“मंग सांगं काबर नही?”

“तुम्ही इचारं कोठे?”

बाहेरून हसू ऐकू आलं; हसणारी जमनाबाई होती की आणखी कुणी, कोण जाणे.

आता इद्रिसच्या अंगात शौर्य आलं. त्यानं स्टार्टर उघडला, एकमेकांना मिठी मारून बसलेले पॉइंट सगळ्यांना दाखवले, पेचकस घालून ‘टक्’ करून सोडवले आणि कानशीनं घासले. “आजना दिन चाली. उद्या नवा लयस.” मग मेन चढवून, हिरवं बटण दाबून, लाल बटण दाबून त्यानं मोटारीच्या बाजूला बल्ब लावून बघितला. अंधार. चक्की बसली. टाळ्या पडल्या.

“देखा,” तो शिकवायला लागला, “दिवा हुकूमवर लावाना नही रहात. काम जठे व्हस, त्या बाजूले लावाना रहास. म्हंजे दिवा खोटं बोलत नही.”

“मंग तू कोठे लायेल व्हता?” जमनाबाईनं दारातून विचारलं.

इद्रिसला तेवढ्यात मोठा ठसका लागला. मिरची फारच तिखट होती. ठसका संपेपर्यंत त्यानं दिव्याची वायर मुकाट्यानं मोटारीच्या बाजूला हलवली.

नवलसिंगनं दगडांवर हात फिरवला. शाबूत होते. लाल होते, पण शाबूत होते. म्हैस एकदाच गेली होती. त्यानं उरलेली मिरची काढली, कोंडा दळून दगड धुतल्यासारखे साफ केले, लाल बटणानं चक्की बसवली, आणि आनंदाच्या भरात ती पुन्हा एकदा उठवून दाखवायला बोट पुढे केलं. इद्रिसनं ते वरच्या वर धरलं.

“आते आपलं दळन,” नवलसिंग गायत्रीला म्हणाला. आवाजात इतका आदर होता की तो त्यालाच अनोळखी वाटला. “आजपासून पहिलं दळन घरनं. आन् पेटीनं कुलूप नदीमा फेकी देस.”

 गायत्रीनं दादरचं सूप आणून दिलं, आणि जाताना म्हणाली, “चहा ठेवस. दूध शेजारनी जाहेदाकडथून आनस थोडं.” नवलसिंगला गहिवरून आलं. त्यानं दादर नरसाळ्यात ओतली, डोक्याला रुमाल बांधला, मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं आणि हिरवं बटण दाबलं.

काही झालं नाही.

चक्की उठली नाही. हिरवा दिवा लागला नाही. लालही लागला नाही. इद्रिसनं बल्ब इकडे लावला, तिकडे लावला, थेट मेनच्या तोंडाला लावला. सगळीकडे अंधार.

तेवढ्यात नवलसिंगचा फोन वाजला.

“हां, ईश्वर बोली ऱ्हायनू,” पलीकडून प्रेमळ आवाज आला. “मंग मी इचार करा, भाऊ. इतला जुना गिऱ्हाईक, पाय पडाना गोठी करी ऱ्हायना, आन् आपन नही म्हनं. बरं नही वाटनं माले. म्हनीसन सायबले सांगं, तारवर फांद्या येल शेतस, तोडना पडतीन. घालवी दिनी. सांजलोंग येवाव नही. आते खूश?”

नवलसिंगनं फोन खिशात ठेवला. मागच्या दारात गायत्री रिकामी परात घेऊन उभी होती. 

त्यानं तिच्या हातातली परात घेतली. रस्त्यावर अख्खं गाव आपापलं पीठ डोक्यावर घेऊन घराकडे चाललं होतं. सगळ्यांत पुढे, झाकण घट्ट लावलेला डबा सांभाळत, जमनाबाई होती. नवलसिंग धावत तिच्यापर्यंत पोचला आणि परात पुढे करून हळू आवाजात म्हणाला,

“जमनामाय, चार पोळ्यासपुरतं पीठ उसनं देशी का? तुन्हं मिरचीना पहिलेनं शे.”